टोपीच्या रंगावरून खरंखोटं ठरत नाही

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे एनडीएच्या लेखी परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी इतिहास शिकवतो. वर्ग पुण्यातल्या वारज्यात आहे. पहाटे वेताळ टेकडीवर नाहीतर तळजाईवर पळून आलेली मुलं ओल्या टीशर्टनेच बाकावर येऊन बसतात. गेल्या महिन्यात त्यांच्यातल्या एकाने तास संपल्यावर मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. मरून टोपी, काळा चष्मा, छातीवर 'बलिदान'चं चिन्ह, मागे तिरंगा. बोलणारा माणूस ठासून सांगत होता की देशाचे पहिले संरक्षण दल प्रमुख जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर पडलं नाही, ते पाडलं. आतल्याच माणसांनी पाडलं. आणि आपण स्वतः स्पेशल फोर्सेसमध्ये होतो म्हणून आपल्याला हे ठाऊक आहे. "सर, हा माणूस खोटं कशाला बोलेल?" मुलाने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत वर्गात दोन तट पडले. ज्याने देशासाठी जीव पणाला लावला त्याच्यावर शंका घेणारे आपण कोण, असं एकांचं म्हणणं. दुसऱ्यांचं म्हणणं, हे सगळे पढवलेले असतात, २०१६ चा सर्जिकल स्ट्राइकसुद्धा निवडणुकीसाठी रचलेलं नाटक होतं. पाऊण तास ही जुंपली होती. पाऊण तासात एकाही मुलाने असं विचारलं नाही की कमांडोचं काम नेमकं काय असतं आणि त्या कामातून त्याला काय कळू शकतं.

अठरा वर्षांच्या मुलांना मी दोष देत नाही. हाच वाद याच शब्दांत मी लग्नाच्या पंगतीत ऐकलाय, सोसायटीच्या कट्ट्यावर ऐकलाय, चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलाय. म्हणून माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगतो. एखादा माणूस कमांडो होता, हा त्याच्या राजकीय दाव्याचा पुरावा होत नाही. आणि लष्कराने एखादी गोष्ट गुप्त ठेवली, हा कट झाल्याचा पुरावा होत नाही. पहिल्या चुकीतून भाबडेपणा वाढतो, दुसरीतून विखार. आणि दोन्हींत प्रत्यक्ष काम केलेल्या माणसांवर अन्याय होतो.

व्हिडिओतला माणूस तोतया असेल, असं म्हणून विषय संपवणं सोपं आहे. टोपी, बिल्ले, चट्टेपट्टे असलेले कपडे बाजारात मिळतात. पण मी ती पळवाट घेत नाही. समजा, तो खराच पॅरा एसएफचा, म्हणजे लष्कराच्या पॅराशूट रेजिमेंटमधल्या स्पेशल फोर्सेसचा आहे. मग काय?

पॅरा एसएफमध्ये माणूस स्वतःहून जातो, त्याला कोणी धाडत नाही. सुरुवातीचं प्रोबेशन काही महिन्यांचं असतं. पाठीवरचं वजन, कापायचं अंतर, झोपेचा अभाव आणि उपाशी पोटी घ्यायचे निर्णय यांतून त्याला चाळून काढतात. आलेल्यांपैकी थोडे टिकतात; बाकीचे आपल्या मूळ पलटणीत परततात आणि तिथे उत्तम नोकरी करतात. जे टिकतात त्यांच्यातला कोणी स्फोटकं शिकतो, कोणी रेडिओ, कोणी जखमी साथीदाराला रात्रभर जिवंत ठेवण्याची विद्या. पथक लहान असतं. त्या पथकाला लक्ष्य सांगतात, वाट सांगतात, वेळ सांगतात, परतीचा रस्ता सांगतात. त्यापलीकडचं मुद्दाम सांगत नाहीत. कारण साधं आहे: पकडला गेलेला माणूस त्याला माहीत असेल तेवढंच सांगू शकतो. शेजारच्या पथकाचं काम काय, हे या पथकाला कळू देत नाहीत, तिथे दिल्लीच्या कुठल्या खोलीत कोण काय बोललं हे त्याला कोण सांगणार? म्हणजे 'मी कमांडो होतो, म्हणून मला आतलं राजकारण ठाऊक आहे' हे विधान त्या नोकरीच्या रीतीशीच विसंगत आहे. तिथली शिस्त पक्की असेल, तर त्याला राजकारणातलं कमीच ठाऊक असायला हवं.

कमांडोचं ज्ञान खोल असतं, यात वाद नाही. अंधारात नाला कसा ओलांडावा, अमुक शस्त्राचा आवाज कसा येतो, एखाद्या बातमीत दाखवलेली चाल शक्य आहे की नाही, हे तो सांगेल तेव्हा मी निमूट ऐकेन. पण ८ डिसेंबर २०२१ ला तमिळनाडूतल्या कुन्नूरजवळ रावत यांचं हेलिकॉप्टर पडलं तेव्हा काय घडलं हे कळायला त्या हेलिकॉप्टरची नोंदपेटी लागते, वैमानिकांच्या संभाषणाची नोंद लागते, त्या दिवशीचं हवामान आणि त्या डोंगराची उंची लागते. तिन्ही दलांच्या चौकशी पथकाने हे तपासलं. जानेवारी २०२२ मध्ये हवाई दलाने प्राथमिक निष्कर्ष जाहीर केला: घातपात नाही, यंत्रातला बिघाड नाही, दरीतलं हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाचं दिशाभान सुटलं आणि चालू स्थितीतलं यंत्र डोंगराला धडकलं. या निष्कर्षावर कोणाला आक्षेप घ्यायचा असेल तर त्याने तो हवामानावर घ्यावा, नोंदपेटीच्या वाचनावर घ्यावा. टोपीचा रंग तिथे काय कामाचा?

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. सरकारं खोटं बोलतात, लष्करही चुका झाकतं, मग लोकांनी शंका का घेऊ नये? हा मुद्दा खरा आहे. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स–भगत अहवाल सहा दशकं उलटली तरी सरकारने आपल्या हाताने जाहीर केलेला नाही. पण याहून जवळचं आणि मला जास्त बोचणारं उदाहरण आहे. कुन्नूरच्या अपघाताच्या चारच दिवस आधी, ४ डिसेंबर २०२१ च्या संध्याकाळी, नागालँडमधल्या ओटिंग गावाजवळ २१ पॅरा एसएफच्या पथकाने कोळशाच्या खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या. सहा मजूर मेले. नंतर उसळलेल्या संघर्षात आणखी गावकरी आणि एक जवान गेला; दुसऱ्या दिवसापर्यंत मेलेल्या नागरिकांचा आकडा चौदावर पोचला. गाडीला थांबायची खूण केली होती, ती भरधाव निघाली, असं संसदेत सांगितलं गेलं. वाचलेल्या मजुराने सांगितलं की अशी खूण झालीच नाही.

ही २१ पॅरा एसएफ कोणती? मराठा लाइट इन्फन्ट्रीची एकविसावी पलटण १९९६ साली स्पेशल फोर्सेसमध्ये गेली, ती ही. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक याच पलटणीतले. १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात ते लढताना गेले आणि दोन वर्षांच्या आत त्यांच्या पत्नी स्वाती स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. वर्गात हे सांगताना माझा आवाज दरवेळी बदलतो. ज्या पलटणीचा आपल्याला अभिमान वाटतो तिच्याच हातून निरपराध माणसं मारली गेली, हे मुलांना सांगताना जड जातं, पण सांगावं लागतं. जो शिक्षक यातलं एकच सांगतो तो मुलांना अर्धं लष्कर दाखवतो.

पण ओटिंगमध्ये शंका कोणत्या वाटेने पुढे गेली ते बघा. गावकऱ्यांनी मेलेल्यांची नावं सांगितली. जागा आणि वेळ सांगितली. वाचलेले मजूर बोलले. राज्याच्या पोलिसांनी विशेष पथक नेमलं आणि २०२२ मध्ये एका मेजरसह तीस जणांवर आरोपपत्र ठेवलं. केंद्राने खटल्याला मंजुरी नाकारली, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई थांबवली. पुढे मंजुरी मिळाल्यास वाट मोकळी ठेवली. मला हा शेवट न्यायाचा वाटत नाही, आणि हे मी इथे लिहितोय म्हणून कोणी मला देशद्रोही म्हणणार असेल तर म्हणो. शंका अशी घेतात. ती नाव घेऊन, तारीख घेऊन, साक्षीदार उभा करून घेतात. आणि ती खोटी ठरण्याची जोखीम पत्करतात. व्हिडिओतल्या दाव्यात ही जोखीम कुठे आहे? चौकशी झाली नाही तर ते दडपल्याचा पुरावा, आणि चौकशी झाली तर चौकशी करणारेही सामील. जो दावा कुठल्याच पुराव्याने खोटा ठरू शकत नाही, त्याला शंका म्हणू नये. ती श्रद्धाच आहे, फक्त उलटी.

आपल्या पुण्याला ही गोष्ट नवी नाही. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराज लाल महालात शिरले, शाइस्तेखानाची बोटं तुटली, त्याचा मुलगा मारला गेला आणि निवडक माणसांनिशी महाराज निसटले. आजच्या भाषेत ही स्पेशल फोर्सेसचीच मोहीम. रमजानचा महिना साधलेला, वाडा लहानपणापासून पायाखालचा, परतीची वाट आधीच ठरलेली. आणि दुसऱ्या दिवशी कंडी कोणती पिकली? मोगलांचाच सरदार जसवंतसिंग फितूर आहे! सिंहगडाकडे जाणाऱ्या वाटेवर त्याची हजारोंची छावणी होती, मग मराठे निसटले कसे? राजापूरच्या इंग्रज वखारीतून त्याच महिन्यात सुरतेला गेलेल्या पत्रात ही कुजबूज नोंदलेली आहे. आणि तिच्या शेजारीच हेही नोंदलंय की महाराज मात्र ही परमेश्वराची आज्ञा होती असं आपल्या माणसांना सांगतात. जसवंतसिंगाच्या मनात काय होतं ते कोणाला ठाऊक? त्याच्यावर शंका घेणारे सगळे मूर्ख नव्हते. पण त्या अफवेने काय केलं ते पाहा. एवढ्या बारकाईने आखलेला, जिवावर उदार होऊन पार पाडलेला छापा तिने क्षणात दुसऱ्याच्या खात्यावर मांडला. मोगलांना ते सोयीचं होतं. आपण हरलो म्हणण्यापेक्षा आपल्याला फसवलं म्हणणं कोणालाही सोपं जातं.

दुसरी आठवण पानिपतानंतरची. १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ पडले. त्यांचं प्रेत ओळखून अंत्यसंस्कार केल्याची खबर होती, तरी पुण्यात कित्येकांच्या मनाला ती पटली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर शेवटपर्यंत वैधव्य पत्करलं नाही. त्या न भरलेल्या जागेत एक माणूस येऊन उभा राहिला: मीच भाऊ. तो कनोजी ब्राह्मण होता, नाव सुखनिधान. त्याला एकदा पकडून कोकणात डांबलं, तिथून सुटला, आणि १७७६ साली हजारोंची फौज जमवून त्याने कोकणातले किल्ले घेतले. पानिपताला तेव्हा पंधरा वर्षं उलटली होती! त्याच्यामागे गेलेल्यांत भाऊंवर खरं प्रेम करणारे होते, तसे नाना फडणविसांच्या कारभारावर चिडलेलेही होते. शेवटी तो पकडला गेला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शासन झालं. तोतयाची गोष्ट आपण शाळेत गंमत म्हणून ऐकतो. मला ती आता तशी ऐकवत नाही. सेनापतीवरचं प्रेम, त्याच्या मृत्यूची अपुरी हकीकत आणि सत्तेवरचा राग ही तिन्ही एकत्र आली की तोतयाला फार काही करावं लागत नाही. कुन्नूरनंतर नेमकं हेच घडलं. आणि यात सरकारचाही वाटा आहे. प्राथमिक निष्कर्षाचं एक निवेदन निघालं, आणि 'मानवी चूक' ही नोंद संसदेच्या समितीच्या अहवालात लोकांच्या हाती लागायला डिसेंबर २०२४ उजाडला. तीन वर्षं रिकामी सोडलेल्या जागेत अफवा घर करणारच. कारगिलनंतर समिती नेमली, आणि काही भाग गाळून का होईना, अहवाल काही महिन्यांत संसदेसमोर ठेवला; ते आपल्याला जमलं होतं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या स्पेशल फोर्सेसनी टेक्सास आणि आसपासच्या राज्यांत 'जेड हेल्म' नावाचा सराव ठरवला. सराव जाहीर होता, तारखा जाहीर होत्या. तरी इंटरनेटवर आवई उठली की सरकार लष्करी राजवट आणतंय, लोकांच्या बंदुका काढून घेणार आहे. टेक्सासच्या गव्हर्नरने तर लोकांना धीर यावा म्हणून आपल्या राज्याच्या दलाला त्या सरावावर लक्ष ठेवायला सांगितलं. सप्टेंबरमध्ये सराव संपला, सैनिक घरी गेले, कोणाची बंदूक गेली नाही. आवई उठवणाऱ्यांपैकी किती जणांनी माफी मागितली असेल? याहून वाईट गोष्ट ६ ऑगस्ट २०११ ची. अफगाणिस्तानात तालिबानने एक हेलिकॉप्टर पाडलं, अडतीस माणसं गेली, त्यात नौदलाच्या सील कमांडोंची संख्या मोठी होती. पुढे त्यातून कथा रचली गेली की बिन लादेनचा तोतयाच मारला गेला होता आणि ते गुपित झाकायला या माणसांना आपल्याच सरकारने संपवलं. ऑक्टोबर २०२० मध्ये ही कथा खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या खात्यावरून पुढे धाडली गेली. बिन लादेनवर गोळी झाडल्याचं सांगणाऱ्या माजी कमांडोला उठून म्हणावं लागलं की आम्ही तिथे होतो, तो तोतया नव्हता. बघा, इथे कमांडोचा शब्द का मानायचा? कारण तो त्या खोलीत होता आणि त्या खोलीविषयी बोलतोय. हीच कसोटी वारज्यातल्या त्या फोनवरच्या माणसाला लावायची. तो कुन्नूरला होता का? चौकशीत होता का? नसेल तर या विषयात त्याचा शब्द माझ्या-तुमच्याइतकाच.

आता दुसऱ्या तटाकडे वळतो, कारण त्यांनाही मी सोडणार नाही. 'सर्जिकल स्ट्राइक नाटक होतं' म्हणणारी मुलं स्वतःला चिकित्सक समजतात. २९ सप्टेंबर २०१६ ला लष्कराच्या मोहीम महासंचालकांनी स्वतः पत्रकारांसमोर येऊन जबाबदारी घेतली. पुढच्या जानेवारीत ४ आणि ९ पॅराच्या माणसांना शौर्यपदकं मिळाली. मोहिमेचा राजकीय वापर झाला का? झाला, उघड झाला. मार्च २०१९ मध्ये निवडणूक आयोगाला सगळ्या पक्षांना सांगावं लागलं की प्रचारात सैनिकांचे फोटो वापरू नका. पण पोस्टर लावणाऱ्याचा राग डोंगर चढून गेलेल्या माणसावर का काढायचा? त्या दिवसांत धुळे जिल्ह्यातला एक जवान चुकून नियंत्रणरेषा ओलांडून पलीकडे गेला. तो त्या मोहिमेत नव्हता, लष्कराने तसं सांगितलंही. तरी कमांडो पकडला गेल्याच्या बातम्या सुटल्या. बातमीच्या धक्क्याने त्याची आजी गेली. अफवा कोणाच्या तरी घरात जाऊन पडते, आणि बहुतेक वेळा ते घर शिपायाचंच असतं. मे २०२५ मध्येही तेच. 'ऑपरेशन सिंदूर'ची माहिती देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांच्या बेळगाव जिल्ह्यातल्या सासरच्या घरावर हल्ला झाल्याची खोटी पोस्ट फिरली आणि पोलिसांना धावपळ करावी लागली. त्याच महिन्यात आपल्या वाहिन्यांनी कराची बंदर रात्रीतून बेचिराख केलं होतं, तेही खोटंच निघालं.

माजी सैनिकाने राजकारणावर बोलूच नये का? अवश्य बोलावं. सेवेत असताना सेनेचे नियम त्याला राजकारणापासून आणि वृत्तपत्रांपासून दूर ठेवतात. निवृत्तीनंतर तो नागरिक आहे आणि त्याला पूर्ण हक्क आहे. पण नागरिक म्हणून बोलताना त्याने नागरिकाचा पुरावा द्यावा, युनिटचं चिन्ह पुढे करू नये. ते चिन्ह त्याच्या एकट्याचं नाही. त्याच्या शेजारी झोपलेल्या, त्याच्याबरोबर उपाशी चाललेल्या आणि आज तोंड मिटून पेन्शनवर शेती करणाऱ्या माणसांचंही ते आहे. एप्रिल २०१९ मध्ये दीडशेहून अधिक माजी सैनिकांच्या नावाने राष्ट्रपतींना एक पत्र गेलं: लष्कराचा राजकीय वापर थांबवा. म्हणणं योग्यच होतं. पण यादीतल्या काही ज्येष्ठांनी आपली संमती नव्हती असं जाहीर केलं आणि साऱ्या चर्चेचा रोख मूळ प्रश्नावरून सह्यांवर गेला. चांगल्या कामासाठीसुद्धा दुसऱ्याचं नाव न विचारता वापरलं की असं होतं.

मला काळजी वाटते ती माझ्या बाकांवरच्या मुलांची. एसएसबीला, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मंडळापुढे, पाच दिवस जातात, पहिल्याच दिवशी 'स्क्रीन आऊट' होऊन रात्रीच्या गाडीने परत येतात, पुन्हा फॉर्म भरतात. काहींची एनडीएची वयोमर्यादा संपते, मग ती अग्निवीरच्या ग्राउंडवर सोळाशे मीटर पळतात, चार वर्षांनी चारातला एकच कायम होणार हे ठाऊक असून. २०२५ च्या मे महिन्यात एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हापासून माझ्या वर्गातल्या मुलीही तेवढ्याच जिद्दीने पळतात. या पोरांना त्या व्हिडिओने काय शिकवलं? की स्पेशल फोर्सेस म्हणजे गुपितं कळण्याची जागा. तिथे गेलं की आपण इतरांपेक्षा शहाणे होतो, आणि बाहेर पडल्यावर ते शहाणपण कॅमेऱ्यासमोर विकता येतं. ही हाव घेऊन जो प्रोबेशनला जाईल तो टिकणार नाही, आणि चुकून टिकलाच तर शेजारच्या माणसाला त्याचा धोका आहे. त्या नोकरीत माणूस नाव पुसून घ्यायला जातो. वर्षभर कुठे होता ते बायकोला सांगता येत नाही. आईला फोनवर 'बरा आहे' एवढंच सांगता येतं.

त्या दिवशी मी मुलांना एकच गोष्ट विचारली. कुन्नूरला हेलिकॉप्टरमध्ये चौदा जण होते. जनरल रावत आणि त्यांच्या पत्नी मधुलिकाताई सोडून आणखी कोणाचं नाव सांगता येईल? दोघांना ग्रुप कॅप्टन वरुण सिंग आठवले, कारण ते आठवडाभर झुंजले होते. पुढे कोणी बोललं नाही. मी फळ्यावर चार नावं लिहिली. नाईक गुरसेवक सिंग, ९ पॅरा एसएफ. नाईक जितेंद्र कुमार, ३ पॅरा एसएफ. लान्सनाईक विवेक कुमार, १ पॅरा एसएफ. लान्सनाईक बी. साई तेजा, ११ पॅरा एसएफ. जनरलसाहेबांच्या संरक्षणाला असलेले हे चौघे खरे कमांडो त्याच हेलिकॉप्टरमध्ये होते. व्हिडिओ दाखवणाऱ्या मुलाने फोन उघडला आणि तो पुन्हा सुरुवातीपासून लावला. अकरा मिनिटं आम्ही सगळे उभ्यानेच ऐकत होतो. त्यात या चौघांपैकी एकाचंही नाव आलं नाही.